नमुना क्रमांक तीस

माझी सासू तारामती हिनं उभ्या आयुष्यात कधी व्यायाम केला नाही, असं मी माझ्या हातानं फॉर्मवर लिहिलेलं आहे. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. खाली तिची सही आहे. चारच अक्षरं, त्यातला 'ता' भला मोठा आणि 'ती' कशीबशी रेघेवर चढलेली.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, तेव्हा इथंही आत्याच म्हणते. या हकिकतीत माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगायची आहे. मधले सात-आठ महिने जळकोटात जो तो म्हणत होता, तारामायचं आता वय झालं, आणि खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

जळकोट हायवेवरचं गाव. सोलापूर-हैदराबादचे ट्रक दिवसरात्र दारावरून जातात, आणि आमचं घर त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. घरामागं पत्र्याचा गोठा होता आणि त्यात आत्याच्या चौदा शेळ्या होत्या. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं जगभर ओळखल्या जातात त्या. सासरे गेले तेव्हा माझे यजमान श्रीमंत चौथीत होते. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं आत्यानं एकच केलं. सकाळी धारा काढायच्या, भाकरी-ठेचा फडक्यात बांधायचा, लुगडं वर खोचायचं आणि शेळ्या घेऊन हायवेपलीकडच्या माळावर जायचं. चारला परत. आजारी पडायला तिला सवड नव्हती, आणि तोंड मात्र असं की शेळीला घातलेली शिवी दोन गल्ल्या पलीकडं ऐकू यावी. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तिला भ्यायले, दुसऱ्या आठवड्यात भांडले, आणि मग आमचं जमलं.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. रोज बसनं जाते-येते आणि पीएचडी करते. विषय असा: नियमित, बेताच्या व्यायामाचा शरीरातल्या ऑक्सिडेटिव्ह ताणावर काय परिणाम होतो. गावातल्या बायकांचं रक्त गोळा करायला लागले तेव्हा आत्यानं माझं नाव रगतवाली ठेवलं.

"काय हुडकायलीस गं एवढं रगतात?" तिनं एकदा विचारलं.

"आत्या, करडीचं तेल उघडं राहिलं की खवट होतं ना? ते हवेनं होतं. आपण श्वास घेतो ती हवा अंगात अन्न जाळते, आणि त्या जाळण्यात थोडी नासधूसही करते. अंगातली चरबी अशीच खवट होते."

"मग काय श्वास घ्यायचा न्हाय का?"

"घ्यायचा की. अंगाकडं ती नासधूस आवरायची सोय असते. रोज बेतानं हातपाय हलवले की थोडी नासधूस होते, आणि तेवढ्यानं ती सोय जागी राहते, वाढते. बसून राहिलं की ती सुस्तावते. आणि सवय नसताना एकदम ढोरमेहनत केली तर पुरी पडत नाही."

आत्या शेळीच्या खुरातला काटा काढत होती. काटा काढून झाल्यावर म्हणाली, "म्हंजी रोज थोडं थोडं खवट व्हायचं, मंग लई खवट व्हत न्हाय."

आमच्या गाईड विरुपाक्ष सरांना हेच मला समजावून द्यायला तीन बैठका लागल्या होत्या.

अभ्यासाला पन्नाशीपुढच्या तीस बायका व्यायाम करणाऱ्या हव्या होत्या आणि तीस न करणाऱ्या. करणाऱ्या मला सोलापूरच्या एका बागेत मिळाल्या. पांढरे बूट, हातात बाटली, रोज पाऊण तास झपाझप फेऱ्या. न करणाऱ्या शोधायला जळकोट होतंच. मी दारोदार जाऊन विचारलं, "व्यायाम करता का?" आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारची अयोध्या म्हणाली, "व्यायाम तालमीतली पोरं करत्यात बाई. आमास्नी कामं हायत." मी सगळ्यांपुढं 'नाही' लिहिलं. इतकी शिकलेली मी, याच गावची सून, पण एकीलाही विचारलं नाही की बाई गं, तू दिवसभर करतेस काय.

एकोणतीस झाल्या आणि तिसावी मिळेना. तेव्हा एका सकाळी, शेळ्या सोडायच्या आधी, मी आत्यालाच उपाशीपोटी बसवलं. "काढ बाई काय काढायचं ते," ती म्हणाली, "पर लवकर काढ, ऊन व्हायलंय." नमुना क्रमांक तीस.

या तपासणीत रक्तातला पातळ भाग एका रसायनाबरोबर उकळतात आणि नळीत गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकी अंगातली चरबी जास्त खवट. मग यंत्र त्याचा आकडा देतं. पण त्या दिवशी मला यंत्राची गरज पडली नाही. रॅकमध्ये साठ नळ्या उभ्या होत्या आणि तीस नंबरची जवळपास पाण्यासारखी होती. सोलापूरच्या बुटवाल्या बायकांपैकी दोघी सोडल्या तर सगळ्या तिच्यापेक्षा गडद.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच.

पुढच्या रविवारी मी काही न सांगता आत्याबरोबर माळावर गेले. फोन खिशात होता. शेळ्या चालायच्या, थांबायच्या, बोरीला तोंड लावायच्या, पुन्हा चालायच्या, आणि आत्या त्यांच्या मागं. मध्येच आकडीच्या काठीनं बाभळीची फांदी ओढायची, शेंगा पाडायची, चुकार पिल्लाला वळवून आणायची. दिवसभरात तिला धाप अशी लागली नाही, आणि भाकरी खाण्यापुरती सोडली तर ती बसलीही नाही. पुस्तकं ज्याला मध्यम व्यायाम म्हणतात तो समोर चालला होता. दुपारी मीच एका दगडावर बसले तेव्हा ती म्हणाली, "दमलीस व्हय? तुजं बी रगत तपास एकदा." संध्याकाळी फोननं अकरा हजारांवर पावलं दाखवली.

म्हणजे मला सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

आत्याला व्यायाम करणारी म्हटलं तर बाकीच्या एकोणतिसांचं काय? अयोध्या रोज दोन मैल शेतावर जाते, परत येते. आणखी कितीतरी जणी तशाच. माझा सबंध गटच चुकीचा ठरत होता आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात जात होती. मी विरुपाक्ष सरांना एवढंच सांगितलं की एक नमुना फार वेगळा आला आहे. ते म्हणाले, "कारण असेल तर तो वगळता येईल. कारण काय आहे?" मी म्हणाले, हाताळताना खराब झाला. सरांनी मान डोलावली आणि मी वहीत तसं लिहिलं. शेळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

इथवर एक वेळ पोटासाठी केलं म्हणता आलं असतं. पण त्याच सुमाराला श्रीमंतांना त्यांच्या पतसंस्थेत शाखाधिकारी केलं. दिवाळीत लोक घरी येणार, साहेब लोक येणार. आमच्या भावकीत पोरगा नोकरीत वर चढला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे आईच्या हातातली काठी ठेवायला लावतो. ते प्रेमानंच करतात. आईनं आयुष्यभर उन्हातान्हात काढलं, आता तिनं बसून खावं, यात वाईट कुणाला काय दिसणार? उलट आई अजून शेळ्यांमागं दिसली तर लोक पोराला बोल लावतात. श्रीमंतांनाही कुणीतरी तालुक्याला बोललं होतं, "साहेब झालाव, अन् माय अजून माळावरच व्हय?"

श्रीमंत माणूस सरळ आहे. शेळ्या विकायचं मनात आल्यावर त्यांनी आधी मला विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वर्षा, तू आईचं रक्त तपासलंयस. तिचं हे चालणं एकदम बंद झालं तर तब्येतीला काही होईल का?"

इतका नेमका प्रश्न त्यांनी मला लग्नानंतर दुसरा कधी विचारलेला नाही. आणि मी पोळी उलटत म्हणाले, "काही होत नाही. आराम मिळेल त्यांना."

का म्हणाले? एक तर वहीत लिहिलेलं खोटं मोडलं असतं. आणि दुसरं, तेही सांगून टाकते, मला त्या शेळ्यांचा वास नको होता. वाळत घातलेल्या साड्यांना तो वास यायचा आणि बसमध्ये कुणी नाक वाकडं केलं की मला वाटायचं, माझ्याचमुळं. शेळ्यांच्या वासापायी मी एका बाईचे पाय काढून घेतले. याला दुसरं काही म्हणता येत नाही.

नळदुर्गचा व्यापारी पिकअप घेऊन आला. आत्या भांडली नाही. तिनं स्वतः एकेक शेळी सोडून गाडीपर्यंत नेली आणि प्रत्येकीबरोबर त्या माणसाला सांगत राहिली. "ही पान्हा चोरती, जरा थांबून धार काढ." "हिला पावसाचं भ्या वाटतं." "ह्या दोघी बहिणी हायत, एका जागी बांध." तो हो हो म्हणत होता. त्या कुठं जाणार हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. गाडी गेल्यावर तिनं रिकामा गोठा झाडून काढला.

पहिला महिना बरा गेला. आत्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसायची, येणाराजाणारा म्हणायचा, "तारामाय, पांग फेडले बघ पोरानं," आणि श्रीमंतांची मान ताठ व्हायची. मग तिची झोप गेली. पहाटे उठून गोठ्याकडं जायची आणि परत यायची. पायांवर सूज दिसू लागली. दोन पायऱ्या चढली की दम लागू लागला, गुडघे धरले, साखर काठावर आली. आधी ती सगळ्यांवर खेकसत होती. मी भाजीत मीठ कमी टाकलं म्हणून, टीव्ही मोठा लावला म्हणून. नंतर खेकसणंही बंद झालं. पुढं येईल ते ताट ती मुकाट्यानं संपवायची, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला. श्रीमंतांनी त्याच दिवशी बूट आणले.

शहरातल्या माणसाला आमच्या गावची ही अडचण कळायची नाही. आमच्याकडं बाई रस्त्यानं चालली तर ती कुठंतरी चाललेली असते. शेताला, पाण्याला, दळणाला, मयतीला. पहिल्या दिवशी आत्या बूट घालून सर्व्हिस रोडनं निघाली आणि दर दारातून हाक आली, "कुठं निघालाव, तारामाय?" अठ्ठावीस वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं, शेळ्या दिसतच होत्या. आता सांगायचं काय? 'कुठं न्हाय, उगं चाललेय,' असं म्हणायला तिची जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी तिनं हातात विळा घेतला, म्हणजे शेताला चालली असं वाटावं. तिसऱ्या दिवशी किराणाची पिशवी. मग रॉकेलचा जुना डबा. हातात काहीतरी घ्यायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. पंधरा दिवस तिनं हे केलं. मी बसच्या खिडकीतून पाहायची, रिकामा डबा हातात घेऊन चाललेली आत्या, आणि दुसरीकडं तोंड फिरवायची.

एके दिवशी अयोध्येनं भाबडेपणानं विचारलं, "तारामाय, डबा तर रोज रिकामाच आणायलाव की." आत्या घरी आली, डबा कोपऱ्यात ठेवला आणि बूट काढले. म्हणाली, "मला आसलं खोटं चालाय जमत न्हाय. मानूस लई दमतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं रक्त पुन्हा घेतलं. तिनं का म्हणून विचारलं नाही, हात पुढं केला.

नळीत रंग चढायला लागला तेव्हा मी समोरच उभी होते. आत्याच्या आधीच्या नळीशी त्याचं काही नातंच दिसत नव्हतं, चांगला गडद गुलाबी. आता दोन आकड्यांवरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही, हे मी रोज मुलांना शिकवते. सात महिन्यांत तिची झोप बदलली, साखर बदलली, ऋतू बदलला, खाणं बदललं. शेळ्या गेल्यानंच हे झालं असं मला कुठंही लिहिता येणार नाही. पण मला ते लिहायचं नव्हतंच. घरी जाऊन तिच्यापुढं बसायचं होतं, आणि बसमध्ये सगळा रस्ता मी फक्त सुरुवात कशी करायची ते ठरवत होते.

आत्या मागच्या अंगणात तूर निवडत होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. पहिली नळी, माळावरचा रविवार, वहीतलं खोटं, श्रीमंतांचा प्रश्न आणि माझं उत्तर. साड्यांच्या वासाचंही सांगितलं. ती सुपातले खडे वेचत राहिली. माझं झालं तेव्हा तिनं हात थांबवला.

"तुला तवाच म्हाईत व्हतं?"

"हो."

"मला बी म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "शेळ्या गेल्या अन् अंगातलं काईतरी गेलं, हे मला आठ दिवसातच कळलं. म्या बोलले न्हाय. म्हणलं, पोरानं एवढ्या मायेनं बसवलंय, त्याला वाईट वाटंल. तुला बी वाईट वाटंल, म्हणून तुझ्यापुढं बी गप बसले."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"म्या तुमच्यासाठी गप बसले, वर्षा. तू कुणासाठी बसलीस?"

तिनं सूप उचललं आणि आत गेली. मी तिथंच बसून खूप रडले, आणि ते रडणंही मला ढोंगी वाटत होतं.

श्रीमंतांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी विचारलं होतं ना तुला?" आणि दोन दिवस जेवले नाहीत. आठवड्याच्या बाजारातून त्यांनी तीन शेळ्या आणल्या आणि दारात बांधल्या. आत्या बाहेर आली, तिघींचे दात पाहिले, कान पाहिले. मग लेकाला म्हणाली, "माझ्या कुठं हायत?" त्यांनी मान खाली घातली. ती नव्या शेळ्यांपुढं पाणी ठेवून म्हणाली, "ह्यांचा काय दोष म्हणा."

विरुपाक्ष सरांना सांगितलं तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, सगळे फॉर्म पुन्हा भरा. नव्या फॉर्मवर 'व्यायाम करता का' हा प्रश्न नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता, ते तासातासानं विचारायचं. माझं काम वर्षभर लांबलं आहे. नमुना क्रमांक तीस पुन्हा वहीत आला, आणि 'खराब' हा शब्द खोडून मी तिथं सही केली.

आत्या माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. आता बोलते, भांडतेही. पहिल्या दिवशी ती हायवेच्या बोगद्यापर्यंतच जाऊन आली, आठवड्यानं ओढ्यापर्यंत, आणि आता माळावर जाते. तीनच्या सात झाल्या आहेत. पायांची सूज उतरली. परवा एक बकरू वळलं नाही म्हणून तिनं त्याच्या साता पिढ्यांचा उद्धार केला आणि तो मला घरात बसून ऐकू आला. मी भाकरी थापता थापता थांबले आणि शेवटपर्यंत ऐकला.

मला तिसरा आकडा हवा होता. पहिला शेळ्या असतानाचा, दुसरा गेल्यावरचा, तिसरा परत चालू लागल्यावरचा. खोटं कशाला बोलू, अभ्यासाला तर हवाच होता, पण मला स्वतःलाही हवा होता. रंग उतरलेला मला डोळ्यांनी पाहायचा होता, म्हणजे जरा हलकं वाटलं असतं. गेल्या सोमवारी सकाळी मी सुई, नळी, कापूस घेऊन गोठ्यापाशी गेले.

"आत्या, एकदाच. शेवटचं."

"न्हाय."

"दोन मिनिटं लागतील."

तिनं दावं सोडलं आणि शेळी बाहेर काढली. "त्या येळंला तुझ्याकडं आकडा व्हता की," ती म्हणाली. "त्यानं तुझं तोंड उघडलं का?"

शेळ्या दारातून बाहेर पडल्या आणि तीही त्यांच्यामागं गेली. मी नळी पिशवीत परत ठेवली आणि गोठा झाडायला घेतला.